उलटी बाजूही दाखवा
आपले कित्येक व्यापारी बांधव वेबसाइट काढतात, पण गिऱ्हाईक फिरकत नाही. तेथे दर असतात, माल दिसत नाही. पैठणीचेच घ्या. २०१० साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तरी यंत्रमागाची नक्कल अस्सल म्हणून खपते आणि मार बसतो विणकराच्या मजुरीला. अस्सल हातमागाच्या पदराची नक्षी मागूनही तशीच स्वच्छ दिसते. नकलेच्या मागे बहुधा सुटे किंवा कापलेले धागे असतात. तेव्हा दोन्ही बाजूंचे फोटो द्या. फ्लॅश नको, जरीकाम चकाकून रंग फसतो. खिडकीचा उजेड पुरे. दर आठवड्याला मागावरचा नवा फोटो टाका. खाली गाव, सूत, विणकाम लिहा. शोधणारा शब्दांवरूनच येतो. रंग मात्र खोटा दाखवू नका. माल परत येतो, गेलेली पत येत नाही.