मनीप्लँटच्या बाटलीतली पाहुणी

मुलांनो, तुमच्याकडे खिडकीशी बाटलीत मनीप्लँट आहे ना? फार गुणी वेल! माती नको, काही नको. फांदीचा तुकडा पाण्यात ठेवला की थोड्याच दिवसांत मुळं फुटतात. काचेची बाटली असली तर ती वाढताना रोज दिसतात. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा मला तरी हे जास्त मोलाचं वाटतं.

पण याच बाटलीत एक पाहुणी गुपचूप येते. एडिस डासाची मादी! पायांवर पांढरे पट्टे, चावते दिवसा, आणि डेंग्यू पसरवते ती हीच. तिला गटार नको, घरातलं स्वच्छ साचलेलं पाणी हवं. साधारण आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून पाणी बदलायचा एक वार ठरवूनच टाका. नुसतं पाणी ओतून भागत नाही हं! अंडी बाटलीला आतून चिकटतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात. बाटली ब्रशने घासा, मुळंही धुवा. कुंडीखालच्या ताटलीलाही हाच नियम.

कुंडीत रोज पाणी ओतायची घाईही नको. बोट मातीत खुपसून बघा. ओलं लागलं तर आज सुट्टी. पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. गंमत म्हणजे तेव्हाही पानं कोमेजतात, आणि झाड तहानलंय समजून आपण आणखी ओततो!

आणि हो, घरात रांगतं बाळ असेल तर मनीप्लँट उंचावर ठेवा. त्याच्या पानांत सुईसारखे अगदी बारीक स्फटिक असतात. पान चावलं तर तोंडाची आग आग होते.