तेलातला दिवा पाण्यात कसा उतरला?

मुलांनो, पेलाभर पाण्यात गोडेतेलाचे चार थेंब टाका आणि कितीही ढवळा. तेल वर येणार ते येणारच! आता त्यात साबणाचा थोडा चुरा टाकून पुन्हा ढवळा. पाणी दुधाळ होते आणि तेलाचे बारीक थेंब पाण्यातच राहतात. असं का? साबणाच्या रेणूला दोन टोके असतात. एका टोकाची तेलाशी गट्टी, दुसऱ्याची पाण्याशी. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

शास्त्रज्ञांनी चमकणारे चिमुकले स्फटिक तयार केले आहेत. त्यांना क्वांटम बिंदू म्हणतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. हे बिंदू असतात अवघे २ ते ६ नॅनोमीटरचे! त्यांच्यावर आपल्याला न दिसणारे अतिनील किरण पाडले, की ते रंगीत उजेड देतात. गंमत म्हणजे पदार्थ एकच, कॅडमियम सेलेनाइड; पण लहान बिंदू निळा चमकतो आणि मोठा तांबडा. बैलाच्या गळ्यातलं घुंगरू बारीक वाजतं आणि देवळातली घंटा घुमते, तसंच हे.

सगळे बिंदू एकाच मापाचे कसे करायचे? १९९३ साली अमेरिकेत मौंगी बावेंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युक्ती काढली. खूप तापलेल्या तेलकट द्रवात त्यांनी रसायने एकदम सोडली. फोडणीत मोहरी एकदम तडतडते ना, तसे बिंदू एकदम जन्मले आणि सारखे वाढले. २०२३ साली बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना क्वांटम बिंदूंसाठी रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण एक अडचण होती. या बिंदूंच्या अंगावर तेलकट थर असतो. आपल्या शरीरातील पेशी तर पाण्याने भरलेल्या! पाण्यात टाकले की बिंदू एकमेकांना चिकटून तळाशी बसत. मग पेशीत दिवा लावायचा कसा?

उपाय सापडला तो अंगरख्यांचा. आधी बिंदूवर झिंक सल्फाइडचे कवच चढवतात. त्याने उजेड टिकतो. त्यावर पाण्याशी जमणारा दुसरा अंगरखा. १९९८ साली एका गटाने सिलिकाचा, म्हणजे वाळू ज्याची बनते त्याच पदार्थाचा, थर दिला. दुसऱ्या गटाने आम्लाचे छोटे रेणू चिकटवले. पण असे छोटे रेणू हळूहळू सुटून जातात आणि बिंदू पुन्हा गोळा होतात. २००२ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी साबणासारखे दोन टोकांचे रेणू वापरले. तेलकट टोके आत बिंदूकडे, पाणीवाली टोके बाहेर. हे बिंदू त्यांनी बेडकाच्या वाढत्या गर्भात सोडले. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार झाल्या, तरी उजेड दिसत राहिला, थेट शेपटीवाले पिल्लू होईपर्यंत! कोणत्या पेशीपासून कोणता अवयव झाला, हे असं पाहता येतं.

मात्र कॅडमियम विषारी आहे, बरं का! अंगरखा फाटला तर ते बाहेर पडते. म्हणून इंडियम फॉस्फाइडसारख्या दुसऱ्या पदार्थांचेही बिंदू बनवतात. चार्जिंगच्या काही जुन्या सेलमध्येही कॅडमियम असते. तेव्हा जुने सेल फोडून पाहू नका, आणि धाकट्या भावंडांनाही फोडू देऊ नका.