उंटाच्या पिलाची सर्दी

उंटाच्या पिलाला सर्दी झाली तर तिची दखल कोण घेणार? थोडे दिवस नाक वाहते आणि थांबते. आईला लुचणेही सुटत नाही. माणसाला मात्र हाच विषाणू गाठतो तेव्हा न्यूमोनिया होतो, मूत्रपिंडे निकामी होतात आणि नोंद झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ३५ टक्के दगावतात. ‘मर्स’ या विकारावर पाळत ठेवण्यातील सारी अडचण या विषमतेत आहे. जनावर आजारी दिसतच नाही, मग ते तपासायचे कोणी आणि केव्हा?

जून २०१२ मध्ये सौदी अरेबियातील जेद्दा येथे न्यूमोनियाने मृत्यू पावलेल्या साठ वर्षांच्या एका गृहस्थांच्या कफातून डॉ. अली मोहम्मद झाकी यांनी हा करोना विषाणू वेगळा केला. प्रथम संशय वटवाघळांवर गेला. पुढच्याच वर्षी ओमानमधील ५० उंटांचे रक्तजल तपासले गेले, तर पन्नासही उंटांत प्रतिपिंडे! मग प्रयोगशाळांतील जुने नमुने बाहेर निघाले. सोमालियातील १९८३ च्या नमुन्यांतही तीच खूण आढळली. जवळजवळ तीस वर्षे हा विषाणू कळपांत सुखेनैव नांदत होता.

परंतु प्रतिपिंडे केवळ झाले गेले सांगतात, आणि ती असूनही उंटाला पुन्हा संसर्ग होतो. विषाणू आज कोठे आहे हे कळण्यासाठी नाकातील स्रावाची आरटी-पीसीआर तपासणीच हवी. येथे आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या परिचयाचे चित्र दिसते. प्रतिपिंडे प्रौढ उंटांत अधिक, तर विषाणू पिलांत अधिक! आईच्या चिकातून मिळालेले संरक्षण काही महिन्यांत ओसरते आणि पिलू संसर्गास मोकळे होते. (गोवराची लस आपण नवव्या महिन्यात देतो, त्यामागेही आईकडून आलेल्या प्रतिपिंडांचेच गणित आहे, फक्त आपल्या बाळांना ती वारेतून मिळतात.) म्हणूनच माझ्या मते थोडक्या साधनांत पाळत ठेवायची तर प्रौढ उंटांच्या रक्ताहून वर्षाच्या आतील पिलांचे नाक अधिक मोलाचे.

सौदी अरेबियात २०१२-१३ मध्ये सर्वसाधारण जनतेतील १०,००९ जणांपैकी १५ जणांत प्रतिपिंडे आढळली. ८७ उंटपाळांपैकी २ आणि कत्तलखान्यांतील १४० कामगारांपैकी ५ जणांत. त्यांतील बहुतेकांच्या आजाराची कोठे नोंदही नसावी. अशी माणसे व हे कळप नजरेआड राहिले तर काय होते, ते २०१५ मध्ये दक्षिण कोरियाने अनुभवले. आखातातून परतलेल्या एका प्रवाशापासून साथ पसरली, त्याच्यासह १८६ जणांना लागण झाली, ३८ दगावले. प्रसार झाला तो मुख्यतः रुग्णालयांतून.

आमच्या हैदराबादेतून नोकरीसाठी वा उमऱ्यासाठी आखातात जाणारी कुटुंबे थोडी नाहीत. तेथून नुकत्याच परतलेल्या तापकरी रुग्णाला दम लागत असेल तर गेल्या चौदा दिवसांतील प्रवास विचारावा. उंटांशी संबंध आला का, उंटिणीचे कच्चे दूध घेतले का, तेथील रुग्णालयात जाणे झाले का, हेही विचारावे. मुलांत हा विकार क्वचित आढळतो. तरीही मुलाला घेऊन आलेले वडील स्वतःच खोकत असतील, तर हे प्रश्न त्यांनाही करावेत.