क्रिकेटवर पैसे लावणाऱ्याचा हिशेब

क्रिकेटचा हंगाम सुरू झाला की पानाच्या टपरीपासून पॉवरलूमच्या शेडपर्यंत सगळीकडे भावाची भाषा ऐकू येते. आपल्या मंडळाच्या घरांनाही ती आता परकी राहिलेली नाही. पूर्वी चिठ्ठी असे, आता मोबाइल आहे. "काका, थोडेच लावतो, हिशेबाने लावतो," असे मुले सांगतात. आमचे आयुष्य बँकेत हिशेब तपासण्यात गेले, म्हणून हाही एकदा मांडून पाहू.

बऱ्हाणपूर हे कापसाचे गाव, तेव्हा सुरुवात कापसापासून. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होणारे भाव मुंबईला येत आणि त्या आकड्यांवर पैजा लागत. पुढे तो आधार सुटला आणि १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला. मटक्यातले 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द त्या भावांचीच आठवण. एकेरी आकड्याला एकास नऊ मिळत, पण आकडे दहा! दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा गेले आणि नऊ आले. राहिलेला रुपया चालवणाऱ्याचा. आकडा कोणताही लागो, तो रुपया कुठे जात नाही.

क्रिकेटमध्ये हाच रुपया भावात लपवलेला असतो. दोन्ही संघ बरोबरीचे असतील तर दोघांनाही साधारण नव्वद पैसे भाव धरू. म्हणजे शंभर लावून जिंकला तर एकशे नव्वद हातात, हरला तर शंभर गेले. शंभर सामन्यांवर शंभर-शंभर, म्हणजे १०,००० रुपये लावले आणि निम्मे जिंकले, तर परत आले ९,५००. नुसते बरोबरीत राहायलासुद्धा शंभरातले ५३ सामने अचूक सांगावे लागतात. समोर भाव काढणाऱ्याचे पोट याच धंद्यावर चाललेले असते, हे विसरू नये.

नव्या मुलांना एक युक्ती हमखास सांगितली जाते : हरलास तर पुढच्या वेळी दुप्पट लाव, एकदा जिंकलास की सगळे वसूल. कागदावर करून पाहू. १००, २००, ४००, ८०० असे चार वेळा हरला, १,५०० गेले. पाचव्यांदा १,६०० लावले आणि जिंकला. फायदा १,४४०. म्हणजे जिंकूनही साठ रुपये उणे! सलग सात हरला तर तोपर्यंत १२,७०० गेलेले असतात आणि आठव्या पैजेला १२,८०० लागतात. ते पगारातून येत नाहीत. ते कॉलेजच्या फीमधून, आईच्या सोन्यावरच्या कर्जातून किंवा लोन ॲपमधून येतात.

म्हणून 'पैशांचे नियोजन' या शब्दाबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. नियोजनाने सट्टा फायद्याचा होत नाही. तोटा किती होऊ द्यायचा, एवढेच त्याने ठरते.

आता कायद्याकडे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. ड्रीम ११ ने पैशांच्या स्पर्धा तेव्हाच थांबवल्या, भारतीय संघाच्या जर्सीवरूनही ते नाव गेले. तरीही टेलिग्रामवर 'आयडी' वाटणारे आहेतच. त्यांच्याकडे ठेवलेल्या पैशाला कसलेच संरक्षण नाही. बी.कॉम.ला आम्ही १८७२ च्या करार कायद्याचे कलम ३० शिकलो होतो : पैजेचा करार निरर्थक, त्याच्या वसुलीसाठी दावा लावता येत नाही. खाईवालाने जिंकलेले पैसे बुडवले तर दाद कुठे मागणार?

पुण्या-मुंबईला नोकरीस गेलेली आपली काही मुले रेसकोर्सवर जातात. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली म्हटले आहे, तिथे पैसे लावणे कायदेशीर आहे. जाणाऱ्याने ती रक्कम सिनेमाच्या तिकिटासारखी, खर्च झालेली धरावी. ठरवलेली रोकड खिशात, कार्ड घरी आणि प्रत्येक पैज सारख्याच रकमेची. उधारी अजिबात नाही. प्रत्येक पैज वहीत लिहावी, हरलेली आधी. जिंकल्यास ३० टक्के आयकर आणि वर उपकर लागतो, हरलेल्या पैशांची वजावट त्यातून मिळत नाही.

निवृत्तीनंतर एका परिचित कुटुंबाने मुलाच्या खात्याचे विवरण आमच्याकडे आणले. रात्री दहानंतर २००, ५०० अशा गोल रकमा, दर आठवड्याला वेगळ्याच नावाच्या यूपीआयवर. चार महिन्यांनी त्याच विवरणात लोन ॲपचे हप्ते सुरू झाले. शिल्लक पाहून काही कळले नसते, कारण कर्जामुळे ती ठीकच दिसत होती. पालकांनी शिल्लक नव्हे, पैसे कोणाकडे गेले तो रकाना वाचावा. आणि आरडाओरड करू नये, नाहीतर पुढचे विवरण कधी दिसणार नाही.

याहून गंभीर म्हणजे खाते भाड्याने देणे. दोन-चार हजारांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हाती देणारी मुले आहेत. शेजारच्या छत्तीसगडमधून गाजलेल्या महादेव ॲपच्या तपासात अशीच बेनामी खाती पुढे आली. केंद्राने ५ नोव्हेंबर २०२३ ला त्या ॲपसह २२ ॲप व संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले. पैसा दुसऱ्याचा असला तरी खाते ज्याच्या नावाचे, त्यालाच पोलिसांची नोटीस येते आणि पगाराचे खातेही गोठते. असे खाते दिले गेले असेल तर आजच शाखेत लेखी कळवून बंद करावे.

फसवणूक झाली असल्यास १९३० वर ताबडतोब फोन करावा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते. मुलाला स्वतःला थांबता येत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते. जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराचे व्यसन आजारांच्या यादीत घेतले आहे, तेव्हा संकोच नको. बहुतेक बँकांच्या ॲपमध्ये यूपीआयची दिवसाची मर्यादा कमी करता येते. ज्यांना जमत नसेल त्यांनी आम्हाला फोन दाखवावा, पाच मिनिटांचे काम आहे.