विजेच्या मोटारीचा घसारा

गेल्या कोजागिरीनंतरच्या रविवारी आमच्या मेहुण्यांनी आम्हाला गोसीखुर्दचे धरण दाखवायचे ठरविले. नागपूरहून उमरेड-भिवापूरमार्गे पवनी आणि पुढे वैनगंगेवरचे धरण. वाहन त्यांचेच, २०२० साली मोठ्या हौसेने घेतलेली विजेची मोटार. "भाऊजी, पेट्रोलचा एक थेंब लागायचा नाही!" असे ते निघताना म्हणाले. लागला नाही हे खरे. पण भिवापूर सुटले तशी त्यांची नजर रस्त्यापेक्षा बॅटरीच्या आकड्याकडेच अधिक जाऊ लागली. नवी असताना दोनशे किलोमीटर सहज जाणारी गाडी आता दीडशेलाच दमत होती.

धरणावर पोचलो. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते याची पायाभरणी झाली. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. पुढे तो अठरा हजार कोटींवर गेला. हे ऐकून मेहुणे म्हणाले, "जुनी होताना आकडा वाढणारी वस्तू ही एवढीच! माझ्या गाडीला परवा दलालाने निम्म्याहून कमी भाव सांगितला." समोर गावे गिळून पसरलेले पाणी होते, मला काही हसू आले नाही.

पण वाचकहो, हा भाव इतका का उतरावा? पेट्रोलची गाडी झिजते म्हणून स्वस्त होते. विजेची गाडी मागून अधिक चांगली गाडी येते म्हणूनही स्वस्त होते. बंगळूरची 'रेवा' २००१ साली आली, ती शिशाच्या बॅटऱ्या घेऊन. एका चार्जात जेमतेम ऐंशी किलोमीटर, आणि काही वर्षांनी बॅटऱ्या बदलण्याचा खर्च. लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आणि तिचे दिवस भरले. जगाच्या बाजारात लिथियम बॅटरीचा दर २०१३ साली एका युनिटच्या साठवणीमागे सुमारे ८०० डॉलर होता. २०२४ साली तो ११५ वर आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत टाटांनी नव्या 'नेक्सॉन ईव्ही'ची किंमत १ लाख २० हजारांपर्यंत उतरविली. नवीच स्वस्त झाली, तर जुनीला जुना भाव कोण देणार?

शिवाय उष्णतेचा प्रश्न आहेच. २०१० च्या 'निसान लीफ'मध्ये बॅटरी गार ठेवण्याची वेगळी सोय नव्हती. अ‍ॅरिझोनाच्या उन्हात दोन वर्षांतच मालकांच्या तक्रारी सुरू झाल्या. आपल्या विदर्भातला मे महिना काही त्याहून सौम्य नाही.

म्हणून जुनी विजेची गाडी घेताना रंग, टायर, गादी मागाहून पाहावी. आधी बॅटरीची तपासणी करून तिची किती क्षमता उरली ते लिहून घ्यावे. हमी किती वर्षे शिल्लक आहे आणि ती दुसऱ्या मालकाकडे जाते की नाही, हे विचारावे. आणि आपली रोजची धाव किती, याचा हिशेब घरीच करावा.

परतीच्या आधी पवनीला एका शिक्षक स्नेह्यांकडे गाडी चार्जिंगला लावली. घरच्या प्लगवर ते काम तासाभरात कुठले व्हायला! जेवण झाले, पान झाले, गप्पा झाल्या. शाळेला जाऊन-येऊन त्यांची रोजची चाळीस किलोमीटरची धाव. त्यांनी मुलीच्या वहीमागे आकडेमोड केली आणि हळूच विचारले, "विकणार का? बॅटरी किती उरली आहे?"

मेहुणे क्षणभर थांबले. शिक्षकांची चार वर्षांची बचत त्या प्रश्नात होती. मग म्हणाले, "पाऊण उरली असेल. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. आधी तपासून घ्या, मग भाव ठरवू."

तपासणीत पाऊणहून थोडी कमीच निघाली. मेहुण्यांनी भाव आणखी उतरविला. दिवाळीच्या पाडव्याला गाडी पवनीला गेली, आणि रोजचे चाळीस किलोमीटर ती आजही बिनतक्रार धावते आहे.