हरवलेले मूल आणि डाकीण

सातपुड्याच्या पाड्यांवर मूल दगावले वा दिसेनासे झाले, की 'कुठे गेले?' याऐवजी 'कुणी खाल्ले?' हाच प्रश्न पुष्कळदा आधी उठतो. बडवा दाणे पाहून डाकीण सांगतो. बहुधा ती एखादी निराधार विधवा असते.

भीतीला डाकीणच लागते असेही नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, पोरे पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच नाथपंथी डवरी गोसाव्यांना ठार मारले.

डाकीण ठरवून छळणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला.

मित्रहो, आपल्यापैकी कित्येकजण घरातले पहिलेच शिकणारे. शोधाचे पहिले तास बडव्याच्या अंगणात नव्हे, पोलीस ठाण्याच्या वाटेवर गेले पाहिजेत. नाहीतर मूलही जाते आणि एका बाईचा जीवही.