व्यवसाय कोणाचा, जबाबदारी कोणाची?

बंगळूरमधील बेळ्ळंदूर हे एके काळी तलावाकाठचे गाव होते. आज ते बाह्य वर्तुळ मार्गालगतच्या संगणक कंपन्यांमुळे ओळखले जाते. या कंपन्यांच्या आसपास किराणा, इस्त्री, खानावळ असे असंख्य छोटे व्यवसायही चालतात. एकीकडे अनेक भागधारकांची कंपनी, तर दुसरीकडे एकाच व्यक्तीचे दुकान. या दोहोंतील फरक केवळ आकाराचा आहे काय? उदाहरणाच्या साहाय्याने पाहू.

समजा, बेळ्ळंदूर येथे स्थायिक झालेल्या एका मराठी गृहिणीने जेवणाचे डबे पुरवण्यास आरंभ केला. खाद्यव्यवसायासाठी आवश्यक ती नोंदणी केली की तिचे काम सुरू होते. भांडवल तिचे, निर्णय तिचा आणि नफाही तिचाच. भाजी महागली तर कोणाचीही संमती न घेता ती पदार्थ बदलू शकते. अशा व्यवसायास ‘एकल व्यापारी संस्था’ म्हणतात. मात्र कायद्याच्या दृष्टीने ती व तिचा व्यवसाय वेगळे नसतात. धंद्याचे कर्ज थकल्यास तिची बचत, दागिने, प्रसंगी घरही पणाला लागते. यालाच ‘अमर्यादित जबाबदारी’ असे म्हणतात.

मागणी वाढल्यावर तिने जावेला सोबत घेतले, तर ती ‘भागीदारी’ होईल. भांडवल व श्रम वाटले जातील. परंतु निर्णयाचा अधिकारही वाटला जाईल. शिवाय १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यानुसार एका भागीदाराने व्यवसायासाठी केलेल्या व्यवहाराची जबाबदारी इतर भागीदारांवरही येते. म्हणून भागीदारीत परस्परविश्वास हेच खरे भांडवल होय.

‘कंपनी’ ही मात्र कायद्याने मानलेली स्वतंत्र व्यक्ती असते. भागधारकाची जबाबदारी त्याने घेतलेल्या भागांच्या रकमेपुरती मर्यादित राहते. मालक बदलले तरी कंपनी टिकते. २०१३ च्या कंपनी कायद्याने तर एकाच व्यक्तीला कंपनी स्थापन करण्याची मुभा दिली. परंतु हिशेबतपासणी व वार्षिक विवरणपत्रे यांचा खर्च तिलाही सोसावा लागतो. तसेच बँकेने कर्ज देताना वैयक्तिक हमी घेतली, तर मर्यादित जबाबदारीचे संरक्षण तेवढ्यापुरते उरत नाही.

व्यवसाय वाढत जातो तसे त्याचे स्वरूप कसे बदलते, हे किर्लोस्करांच्या इतिहासातून दिसते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बंधू रामूअण्णांसह बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला. पुढे लोखंडी नांगर आले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. कारखान्यास लागणारे भांडवल दुकानाच्या भांडवलाहून फार मोठे असते. १९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली. याच उद्योगसमूहाची विद्युत यंत्रे बनवणारी कंपनी १९४६ साली बंगळूरमध्ये उभी राहिली.

याहून निराळा मार्ग ‘सहकारी संस्थे’चा. विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. सहकारी संस्थेत भाग किती घेतले यावर मताचा अधिकार ठरत नाही. प्रत्येक सभासदास एकच मत असते.

म्हणजेच मालकीचा कोणताही प्रकार सर्वस्वी चांगला किंवा वाईट नसतो. एकट्याच्या धंद्यात स्वातंत्र्य अधिक, तसा धोकाही अधिक. जबाबदारी वाटली की अधिकारही वाटावा लागतो. व्यवसाय सुरू करताना ‘नफा किती होईल?’ या प्रश्नाबरोबरच ‘तोटा झाल्यास तो कोण आणि कोठवर भरून देईल?’ हाही प्रश्न विचारावा. या प्रश्नाचे उत्तर मिळाले, की मालकीचा योग्य प्रकार निवडणे सोपे जाते.